वरच्या फळीवरची सहा झाडं

कुणाची तरी निगा राखायची हौस होती म्हणून मी झाडं आणली नव्हती. निगा माझ्या घरात पुरेशी राखली जात होती. बाबांची अंघोळ, बाबांच्या गोळ्या, बाबांचा हरवलेला चष्मा आणि तो त्यांच्याच डोळ्यांवर आहे हे त्यांना पटवून देणं, एवढं उरकून मी कोपरखैरण्याहून पावण्याला कामावर जात असे. तिथल्या लेबलं छापायच्या कारखान्यात मी खरेदीचं काम बघते. संध्याकाळी घरी आलं की पुन्हा तेच सगळं, फक्त उलट्या क्रमाने. लग्न केलं नाही, त्यामुळे वाटून घ्यायला कुणी नव्हतं. धाकटा भाऊ पुण्याला असतो आणि फोनवर फार चांगलं वागतो.

विजेच्या मोठ्या तारांखालच्या पट्ट्यात आमच्याकडे नर्सऱ्या आहेत. एका रविवारी मी तिथे कढीपत्त्याचं रोप घ्यायला गेले होते. बाजूला एक लालभडक काहीतरी उभं होतं. मला वाटलं प्लास्टिकचं आहे, म्हणून बोटाने दाबून बघितलं.

नर्सरीवाला म्हणाला, "खरं हाय ते, ताई. ब्रोमेलियाड. अननसाच्या खानदानातलं. याच्या मातीत पानी नाय टाकायचं. मधी ही पानांची वाटी हाय ना, तिच्यात टाकायचं. आठवड्यानी एकदा बघितलं तरी चालतंय. याला तुमची जास्त गरज नाय."

तुमची गरज नाही, असं मला कित्येक वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मी कढीपत्ता विसरले आणि ती दोन झाडं घेऊन आले.

तीनेक वर्षांत दोनाची चौदा झाली. काही मी विकत आणली, काही घरात वाढली. या झाडाला फूल एकदाच येतं. तो लाल किंवा नारिंगी तुरा महिनोन्‌महिने टिकतो, मग मूळ झाड सावकाश संपत जातं आणि त्याच्या बुडाशी पिल्लं फुटतात. पिल्लू अर्ध्या उंचीचं झालं की सुरीने कापून वेगळं लावायचं. खाली साध्या मातीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा कोळसा. वाटीतलं पाणी आठवड्याला बदलायचं, नाहीतर वास मारतं. खत जवळपास नाहीच. लोक यात आई आणि मुलं असं काहीतरी बघतात आणि गहिवरतात. मला तसलं काही झालं नाही. सकाळी चहा करताना स्वयंपाकघराच्या ग्रीलमध्ये काहीतरी रंगीत दिसतं आणि ते मला हाका मारत नाही, यातच मी खूश होते.

ग्रील म्हणजे आपल्याकडे सगळेच खिडकीबाहेर काढतात तशी लोखंडी पेटी. तिच्या तळाच्या पत्र्यावर आठ कुंड्या मावत. वर मी एक फळी ठोकून घेतली होती, तिच्यावर सहा.

बाबांचं आणि या झाडांचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही, आणि त्याला कारण होतं. बाबा पालिकेच्या मलेरिया खात्यात होते. हातात टॉर्च, खिशात खडू, अशी त्यांनी सारी नोकरी दारोदार हिंडून काढली. पिंपं, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजच्या मागचा ट्रे, जिथे पाणी साठतं तिथे टॉर्च मारायचा आणि डासाची अळी दिसली की पाणी ओतून टाकायचं. गच्चीवरच्या टाक्यांवर ते शिडी लावून चढत. घर तपासून झालं की दाराच्या मागच्या बाजूला खडूने तारीख घालून सही करायची. खात्यात काही जण चहाच्या टपरीवर बसून आख्ख्या चाळीच्या सह्या उरकत, असं ते आम्हाला सांगत आणि सांगताना त्यांचा चेहरा अजून लाल होई. "न बघितल्या घरावर सही म्हणजे चोरी, बाय," असं ते मला म्हणत. मी तेव्हा शाळेत होते आणि माझ्या न केलेल्या गृहपाठावर त्यांची सही मागत होते.

आता त्यांना माझं नाव आठवेलच असं नसे. डिमेन्शिया, डॉक्टरांनी सांगितलं. कधी मी त्यांची बाय असे, तर कधी एखाद्या अनोळखी घरातली बाई, आणि मग ते मला वहिनी म्हणत, कारण दारोदारच्या बायकांना ते वहिनीच म्हणत आले होते. पण साठलेलं पाणी बघितलं की त्यांना सगळं आठवे. आणि मी तर घरात चौदा झाडं आणून ठेवली होती, ज्यांच्या पोटातच पाणी साठवायचं असतं. माझ्या या अकलेचं मला आजही कौतुक वाटतं.

सकाळी दहाला चहा झाला की त्यांचा राउंड निघे. हे मला मावशी सांगत. मावशी म्हणजे बाबांना दिवसभर सांभाळायला दिघ्याहून येणारी बाई, वयाने माझ्याहून लहान, पण मावशीच. बाबा टॉर्च घेऊन ग्रीलपाशी जात, तळाच्या एकेका कुंडीत वाकून उजेड पाडत, कुंडी तिरकी करून वाटीतलं पाणी ओतत आणि कुंडीच्या काळ्या प्लास्टिकवर खडूने सही करत. तारीख कुठल्यातरी जुन्या सालातली, पण सही अचूक. ओतलेलं पाणी पत्र्यावरून खाली ठिबके आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या वाळत टाकलेल्या चादरींच्या वतीने ओरडत. संध्याकाळी मी बिल्डिंगच्या दारातच त्यांच्या तावडीत सापडत असे.

"मावशी, त्यांना ओतू देऊ नका ना," मी सांगे.

"जाऊ दे ना ताई. टेन्शन नका घेऊ. काम हाय त्यांना तर गप असतात. नायतर दिवसभर दार उघड, दार उघड करतात."

हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसत असे. रोज सकाळी मी चौदाच्या चौदा वाट्यांत थोडं थोडं पाणी घाली आणि कामावर जाई. घाईत कुठल्या वाटीत आधीच किती आहे ते बघायला वेळ नसे.

ते पाणी कुठलं, हे आता सांगायला हवं. नळाचं पाणी या झाडांना थेट घालू नये, रात्रभर उघडं ठेवून मग घालावं, असं नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. म्हणून मी बादली भरून ठेवी आणि बाबा ती बादली बघताक्षणी मोरीत ओतून देत. मग दिवाळीला भाऊ आला तो बाबांसाठी तांब्याचं पिंप घेऊन आला. छोटंसं, चकचकीत, खाली तोटी असलेलं, वर घट्ट झाकणाचं. तांब्यातलं पाणी मेंदूला चांगलं असतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. पुण्याहून येताना त्याने बाबांसाठी आणलेली ती एवढीच गोष्ट होती, त्यामुळे मला ती वापरणं भाग होतं.

बाबांनी त्यातला एक घोटही घेतला नाही. पिंपावर टिचकी मारून ते म्हणायचे, "हे साठवणीचं हाय. कोरडं करा, वहिनी." झाकण त्यांना उघडत नसे. मी रोज भरायचे, ते रोज नाकारायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खं पिंप तसंच. ओतून द्यायचं जिवावर येई. मग मला सुचलं, हे रात्रभर ठेवलेलंच पाणी आहे, झाडांना घालू. बादलीचाही प्रश्न मिटला. मला स्वतःच्या हुशारीचं फार बरं वाटलं होतं, कारण त्या दिवसांत माझं दुसरं काहीच सुटत नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला पहिलं झाड गेलं. तळाच्या ओळीतलं, माझं सर्वांत लाडकं, नारिंगी तुऱ्याचं. वाटीत बघितलं तर पाण्यावर तेलाचा तवंग. खोबरेल. गटारात अळी मारायला तेल सोडतात, ते बाबांनी घरात केलं होतं. मावशी म्हणाल्या, बाबांनी डोक्याला लावायला तेल मागितलं म्हणून त्यांनी बाटली दिली आणि भाजी ढवळायला वळल्या. मी बाबांवर ओरडले. ते म्हणाले, "अळी होती." नसावी. पण त्यांनी बघितली होती.

बाटली मी कपाटात ठेवली, कुलूप लावलं. तरी फेब्रुवारीत वरच्या फळीवरची झाडं जायला लागली. आधी पानांची टोकं तपकिरी पडली. मग वाटीच्या आतली कोवळी पानं काळपट, मऊ. एकाचं मधलं पान मी हलकेच ओढलं तर ते आख्खं हातात आलं, बुडाशी कुजलेलं. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. तीन आठवड्यांत सहाच्या सहा.

मला कोडं पडलं नाही. आमच्या घरात झाडं कोण मारतं, हे ठरलेलं होतं. प्रश्न एवढाच होता की बाबा वर पोचतात कसे. त्यांचा उजवा खांदा आखडलेला, हात खांद्यापेक्षा वर जात नसे, त्यांना सदरासुद्धा मीच घालत असे. आणि फळी माझ्याच डोक्याच्या वर. मग एके दिवशी मी कामावरून लवकर आले, तर स्वयंपाकघरातलं स्टूल ग्रीलला लागून उभं.

तिसरा मजला. ग्रीलचा खालचा पत्रा जुना. आयुष्यभर टाक्यांवर चढलेला माणूस, ज्याला आपण आता ऐंशीचे आहोत हे आठवत नाही.

"स्टूल मी ठेवलंय, ताई," मावशी म्हणाल्या. "वरच्या दोरीला कपडे घालायला. बाबा नाय चढत. मी बघते ना."

दुपारी जेवण झालं की मावशींचा डोळा लागतो हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

मग मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि वर बोट दाखवून विचारलं, "तुम्ही स्टुलावर चढलात?"

"मी नाय चढलो."

"मग ही झाडं कशी मेली?"

"मी नाय चढलो."

"खोटं बोलू नका बाबा!" माझा आवाज एवढा चढला की खालच्या काकूंनी टीव्ही बारीक केला. बाबांनी खडू खिशात टाकला आणि ते पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, बस झालं आता. झाडं जाऊ देत, उद्या ते पडले तर? तू किती रिस्क घेणार?" पनवेलच्या पुढे एक चांगली जागा त्याने आधीच बघून ठेवली होती. बाग आहे, नर्स आहे, त्याच्या मित्राचे वडीलही तिथेच. मी दोन दिवस विचार करते म्हणाले. विचार असा काही केला नाही. दोन दिवस मी फक्त थकलेली होते, आणि तिसऱ्या दिवशी हो म्हटलं.

होळी झाल्यावर आम्ही बाबांना तिकडे नेलं. त्यांनी विचारलं, "इथं किती घरं?" भाऊ म्हणाला, "चाळीस खोल्या आहेत, बाबा." ते खूश झाले, टॉर्च काढला आणि आत गेले. मागे वळून बघितलं नाही. भावाला ते फार चांगलं लक्षण वाटलं.

त्यानंतर मी झोपले. हे लिहायला लाज वाटते, पण आधी हेच लिहायला हवं. सात सात तास झोपले. सकाळी उठून चहा गरम असताना प्यायले. ऑफिसात एकीने विचारलं, चेहरा किती फ्रेश दिसतोय, कुठे जाऊन आलात का. मी म्हटलं, नाही, कुठे नाही. रविवारी बाबांना फोन करी, तिथल्या सिस्टर फोन त्यांच्या कानाला लावत, बाबा "हां, हां" म्हणत आणि मी ठेवून देई. भेटायला जायचं एका रविवारी राहिलं, मग दुसऱ्या. रस्त्याचं काम चालू होतं, उन्हं फार होती, कारणांना तोटा नव्हता.

वरच्या फळीवरच्या सहा कुंड्या मी झाडांसकट एकात एक घालून ग्रीलच्या कोपऱ्यात सारल्या होत्या. टाकून द्यायलाही उठवत नव्हतं. तळाची सात मात्र टवटवीत होती. आता त्यांचं पाणी कुणी ओतणार नव्हतं. पिंपही मी सवयीने भरत होते, कारण आता मीच त्यातलं पाणी पीत होते आणि उरलेलं सकाळी झाडांना घालत होते.

आंबे सुरू झाले त्या सुमाराला तळाच्या एका झाडाची टोकं तपकिरी पडली.

मी दोन दिवस त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाची वाटी काळपट. पान ओढलं, हातात आलं. तोच कुजका बुंधा, तोच वास. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तेलाची बाटली कपाटात होती, कुलूप तसंच होतं. मी ते पान हातात धरून ओट्यापाशी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, दूध उतू गेलं तेव्हा हलले.

रविवारी ते झाड पिशवीत घालून नर्सरीत नेलं. नर्सरीवाल्याने वाटीत बोट घालून बघितलं.

"पानी कसलं घालता?"

"नळाचंच. रात्रभर ठेवलेलं."

"कशात ठेवता?"

"तांब्याच्या पिंपात."

त्याने कपाळाला हात लावला. "अहो ताई, तांबं म्हंजे याला जहर! वाटीत राहतं ना ते पानी, बसून राहतं, तांबं उतरतं त्याच्यात. मानसाला चांगलं असंल, याला नाय. आमी तर तांब्याचं औषधपन मारत नाय यांच्यावर. किती दिवसांपासून घालता?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून? मग ही जगली कशी एवढे दिवस?"

घरी आले ती चप्पल न काढता ग्रीलपाशी गेले. पिशवीतली धरून तळाच्या सातही कुंड्या खडूने पांढऱ्या झालेल्या होत्या, सहीवर सही, तारखेवर तारीख. मग कोपऱ्यातल्या सहा कुंड्या ओढल्या, एकातून एक काढल्या, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितल्या. काळंभोर स्वच्छ प्लास्टिक. एकीवरही खडूची रेघ नव्हती.

न बघितल्या घरावर सही म्हणजे चोरी. आणि बघितलेलं घर सहीशिवाय त्यांनी कधी सोडलं नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. या कुंड्या फेब्रुवारीतही माझ्या डोळ्यांसमोरच होत्या.

मी मावशींना फोन लावला. ऐरोलीत दुसरं काम धरलं होतं त्यांनी. विचारलं, बाबा पाणी ओतायचे, मग पुढे काय करायचे?

"पुढं? मला ग्लास मागायचे. नळाचं ताजं पानी आनून दे म्हनायचे. एकेका झाडात बोट फिरवून धुवायचे, पुन्यांदा ओतायचे, मग परत भरायचे. रोजचं होतं ते. सांगितलं नाय का मी? सांगितलं असंल. तुमी घाईत असायच्या."

ओतायचं, घासायचं, ताजं भरायचं. हीच त्यांची जुनी शिकवण, दारोदार त्यांनी ती बायकांना तोंडपाठ ऐकवली होती. मी सकाळी सव्वासातला वाट्यांत विष घालून जात होते आणि दहा वाजता ते धुऊन काढत होते. जिथे त्यांचा हात पोचत होता तिथली झाडं जगली. पोचत नव्हता तिथली मेली, आणि त्या मेलेल्या झाडांचा पुरावा करून मी त्यांना घराबाहेर काढलं.

भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पण मुद्दा फक्त झाडांचा नव्हता ना." त्याचं बरोबर होतं. बाबांना सांभाळणं मला झेपत नव्हतं. पण झेपत नाही एवढंच मी म्हणायला हवं होतं. ते म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून मला स्टूल हवं होतं. ते दिसलं आणि मी धरून बसले. ज्या हातावर मी रोज सकाळी सदरा चढवत होते, त्याची मला मग आठवणही झाली नाही.

मी कामावर महिनाभराची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, कुणी आजारी आहे का, तर मी म्हटलं, माझे वडील घरी येतायत. मावशींना परत याल का विचारलं, त्या म्हणाल्या, महिन्यानंतर बघते. दुसऱ्या दिवशी मी टॅक्सी केली. तळातल्या कुंड्यांपैकी सर्वांत जास्त सह्या असलेली एक मांडीवर घेतली आणि पनवेलच्या पुढे गेले.

बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. खिसा सपाट. टॉर्च कुठे आहे विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "ते झोपलेल्या लोकांच्या खोल्यांत जायचे, उशाचे तांबे ओतायचे. म्हणून ऑफिसात ठेवलाय. आता अजिबात त्रास नाही त्यांचा. बसून असतात." त्या चांगल्या मनाने सांगत होत्या. त्रास नाही, हे मला हवं होतं तेच त्यांनी करून दाखवलं होतं.

मी समोर बसले. त्यांनी मला ओळखलं नाही. कुंडी त्यांच्या पायाशी ठेवली तरी बघितलं नाही. मी म्हटलं, "बाबा, चला घरी." दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. मला रडू यायला लागलं, आणि रडून तरी त्यांना काय कळणार होतं.

मग मी टॉर्च मागून आणला, त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "साहेब, आमच्या घरात पाणी साठलंय. तपासायचं राहिलंय."

त्यांनी मान वर केली. "कितवा मजला?"

"तिसरा."

"डास हायत?"

"आहेत."

ते उठले. "मग बसवून काय ठेवलंत, वहिनी? चला."

टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी शेजारी बसून हिशेबाने घाबरत होते, उद्याची अंघोळ, उद्याच्या गोळ्या, उद्याच्या काकू. काही सोपं होणार नव्हतं. तुर्भ्याला ट्रकच्या रांगेत अडकलो तेव्हा माझे डोळे मिटायला लागले, इतकी मी आधीच थकलेली होते.

घरात शिरल्यावर त्यांनी चप्पल काढली नाही, सरळ ग्रीलपाशी गेले. उरलेल्या कुंड्यांत एकेक करून टॉर्च मारला. मी ओट्याकडे जाऊन पिंपाची तोटी पूर्ण सोडली. पाणी सिंकमध्ये धो धो पडू लागलं. नळाखाली ग्लास भरून मी त्यांना नेऊन दिला, खडूही दिला. त्यांनी ओतलं, बोट फिरवलं, भरलं, सही केली. खालून काकूंचा आवाज आला. काकूंना मी उद्या चादर विकत आणून देईन असं मनात म्हटलं.

सर्वांत शेवटी त्यांनी टॉर्च वर धरला. हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला, उजेड फळीच्या खालच्या बाजूवर पडला. मग ते दोन पावलं मागे सरले, मान वाकडी करून बघितलं. फळी रिकामी होती. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. टॉर्च विझवला आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, माझी.

"मी नाय चढलो, बाय," ते म्हणाले.